अक्षर जुळले म्हणून?
बँकेत सह्या ताडण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. नुसत्या साम्यावर आम्ही चेक वटवत नसू. अमेरिकेतल्या बोल्डर शहरी २६ डिसेंबर १९९६ रोजी सहा वर्षांची जॉनबेने रॅम्झी घराच्या तळघरात मृत सापडली. खंडणीची चिठ्ठी घरातल्याच वहीच्या कागदावर. मागणी १,१८,००० डॉलरची, जवळजवळ वडिलांच्या बोनसइतकी! अक्षर आईचे, असा तर्क निघाला. पुढे नऊ वर्षांच्या भावावरही बोट रोखले गेले. १९९९ साली ग्रँड ज्युरीने आईवडिलांवर आरोप ठेवायला सांगितले. सरकारी वकिलाने पुरावा अपुरा म्हणून नकार दिला. २००८ साली डीएनएच्या आधारे त्याच कचेरीने कुटुंबाला संशयमुक्त केले. आई २००६ सालीच वारली होती. वाचकहो, चेकवर सही लागते. संशयावर कुणाचीच नसते.