उपाशीपोटी नेमके काय द्यावे?

मधुमेह आणि थायरॉईडची मंदता हे दोन्ही विकार एकाच रुग्णात आढळणे आता चिकित्सालयात नवे राहिलेले नाही. अशा रुग्णाची सकाळ कशी जाते, हे वैद्यबंधूंनी एकदा सविस्तर विचारून पाहावे. उठल्याबरोबर थायरॉक्सिनची गोळी, पाठोपाठ शेजारणीने सुचविलेले मेथीचे पाणी, मग कारल्याचा रस, त्यावर चंद्रप्रभा किंवा आरोग्यवर्धिनी, आणि लगेच चहा. प्रत्येक औषध उपाशीपोटीच घ्यावयाचे, असे ज्याने त्याने बजावलेले असते. पोट मात्र एकच!

थायरॉक्सिनचे शोषण लहान आतड्यात होते आणि लोह व कॅल्शियम यांच्या सान्निध्यात ते घटते. म्हणून त्यांत किमान ४ तासांचे अंतर ठेवावे, असा आधुनिक वैद्यकाचा दंडक आहे. लोह म्हणजे केवळ ॲलोपॅथीच्या गोळ्या नव्हेत. चंद्रप्रभेत लोहभस्म आहे, आरोग्यवर्धिनीत आहे. मंडूर तर लोहाचेच. शंख, प्रवाळ, कपर्दिक ही चुन्याची द्रव्ये असून अम्लपित्तात सर्रास दिल्या जाणाऱ्या कामदुधेत प्रवाळ आणि सूतशेखरात शंखभस्म असते. भस्मीकरणाने लोहाचे गुण पालटतात, हा युक्तिवाद आम्ही अनेकदा ऐकला आहे. तो मान्य केला तरी अंतर राखल्याने रुग्णाचे बिघडते काय?

न राखल्यास जे बिघडते ते सावकाश दिसते. टी.एस.एच. वाढतो. रुग्णाने गोळी एकही दिवस चुकविलेली नसते, तरी मात्रा वाढविली जाते. पुढे आपला कल्प संपतो, शोषण पूर्ववत होते आणि वाढीव मात्रा अंगावर येते. छातीत धडधड, अनिद्रा, हस्तकंप सुरू होतात आणि रक्तशर्कराही चढते. मग मधुमेहाच्या औषधाचीही मात्रा वाढते. मूळ कारण कोणाच्याच कागदावर नोंदलेले नसते.

वस्तुतः औषध केव्हा द्यावे, याचा विचार आपल्याइतका कोणी केला? सुश्रुताने दहा औषधकाल सांगितले, शार्ङ्गधराने पाच. आमचा परिपाठ असा की, अभक्त काल थायरॉक्सिनला मोकळा सोडावा. गोळी साध्या पाण्याबरोबर घ्यावी, पुढे अर्धा ते एक तास काही नको, चहाही नको. लोह व चुन्याचे कल्प दुपारच्या आणि रात्रीच्या भोजनाशी जोडावेत. नवा कल्प सुरू केल्यास अथवा थांबविल्यास सहा ते आठ आठवड्यांनी टी.एस.एच. पुन्हा पाहावा.

शर्करेच्या बाजूनेही सावधगिरी हवी. थायरॉईड मंद असता इन्सुलिनचा निचरा मंदावतो, त्यामुळे शर्करा अकस्मात उतरण्याचा धोका वाढतो. ग्लिमेपिराइड चालू असताना गुडमार, मामेजवा, कारले यांची भर पडली आणि त्यात एकादशी आली, तर घाम, थरथर, भोवळ यांस ‘पित्त झाले’ म्हणून सोडून देऊ नये. तत्काळ शर्करा तपासावी. उलट थायरॉक्सिन सुरू झाल्यावर इन्सुलिनची गरज वाढू शकते. थायरॉईडच्या मंदतेत, तसेच लोहाच्या कमतरतेच्या पांडूत, एचबीए१सी प्रत्यक्षाहून अधिक दिसू शकते. केवळ त्या आकड्यावर औषध न वाढविता उपाशीपोटीची व जेवणानंतरची शर्कराही पाहावी.

‘वैद्यराज, ही गोळी तेवढी सोडवा’, ही विनंती सर्वांनाच परिचित आहे. ग्रंथी कायमची क्षीण झाली असेल तर ती मान्य करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. गलगंडाची चिकित्सा या विकारास जशीच्या तशी लावण्याचा मोह होतो. परंतु आज दिसणाऱ्या मंदतेत अनेकदा गळ्यावर गाठही नसते. कांचनार गुग्गुळ द्यावयाचा तर ग्रंथी पाहून द्यावा, रिपोर्टवरील टी.एस.एच. पाहून नव्हे. अश्वगंधाही विचारपूर्वकच, तिने थायरॉईडचे स्राव वाढल्याची उदाहरणे प्रसिद्ध आहेत.

औषधी दुकानदार बंधूंकडे हे रुग्ण चिठ्ठीशिवाय अधिक येतात. अविपत्तिकर चूर्ण मागणाऱ्यास मधुमेह आहे का, हे विचारावे. त्यात सर्वांत मोठा वाटा खडीसाखरेचा असतो. कामदुधा वा चंद्रप्रभा नेणाऱ्यास थायरॉईडच्या गोळीविषयी विचारावे, आणि उत्तर ‘हो’ आल्यास पुडीवर नुसते ‘सकाळ-संध्याकाळ’ न लिहिता ‘दुपारी व रात्री, जेवणानंतर’ असे स्वच्छ अक्षरांत लिहून द्यावे.