अंगारा आणि गोळ्या

मनोरुग्णाच्या घरी देवाचा अंगारा आणि डॉक्टरांच्या गोळ्या पुष्कळदा एकाच फळीवर असतात. अंगारा फेकून दिला, तर गोळ्या नियमित घेतल्या जातील का? हा प्रश्न आपण जरा बारकाईने पाहू.

स्किझोफ्रेनियासारख्या आजारात औषधाचा पुरता गुण येण्यास काही आठवडे लागतात. त्याच काळात घरची माणसे नवसही बोलतात. गुण आला की श्रेय नवसाला जाते आणि गोळ्या बंद होतात. आजार मात्र लगेच उलटतोच असे नाही. मध्ये काही आठवडे, कधी महिनेही बरे जातात. मग ‘गोळ्यांवाचून चालते’ हा समज पक्का होतो. २०१२ साली ६५ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात औषध चालू ठेवलेल्यांपैकी २७ टक्के, तर औषध थांबवून औषध नसलेली गोळी दिलेल्यांपैकी ६४ टक्के रुग्णांचा आजार वर्षभरात उलटला होता.

मग श्रद्धा निरुपयोगीच का? तमिळनाडूतील एका देवळात नातेवाइकांसह राहिलेल्या ३१ मनोरुग्णांची पाहणी २००२ साली प्रसिद्ध झाली. तेथे सरासरी सहा आठवड्यांच्या मुक्कामात, औषधांशिवाय, त्यांची लक्षणे सुमारे २० टक्क्यांनी कमी झाली. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, म्हणून याचे कारण ठामपणे सांगता येत नाही. संशोधकांनी मात्र श्रेय तेथील आधार देणाऱ्या, भीतिमुक्त वातावरणाला दिले.

असे वातावरण सर्वत्र नसते. त्याच राज्यात एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी एका खासगी आश्रमाला आग लागली. साखळ्यांनी बांधलेल्या मनोरुग्णांना पळता आले नाही. २८ जण मरण पावले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली आहे.

गुजरातमधील उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात २००८ साली निराळी वाट निघाली. मुजावरांना मनोविकारांची ओळख करून देण्यात आली व तेथेच उपचारांची सोय झाली. ‘दवा-दुआ’ हे त्या प्रयोगाचे नाव.

यातून आपण शिक्षकांनी काय घ्यावे? एखाद्या विद्यार्थ्याच्या घरी असा आजार असेल, तर देवाधर्मावरून वाद घालू नये. ‘नवस जरूर फेडा, पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी थांबवू नका,’ एवढे सांगावे. उपवासाबद्दलही डॉक्टरांना विचारायला सांगावे. लिथियम घेणाऱ्याने निर्जळी उपवास केल्यास रक्तातील लिथियम धोक्याच्या पातळीपर्यंत वाढू शकते.