पाद्रोनची मिरची, वऱ्हाडी तवा

मिरची कशी खायची, हे वऱ्हाडातल्या पोट्ट्यांना कोणी सांगायची गरज नाही. पण मागच्या महिन्यात आमच्या अमरावतीच्या घरी जरा पंचाईत झाली. पित्ताच्या त्रासामुळे डॉक्टरांनी आजीचा ठेचा बंद केला. आजी ताटावर बसायची, दोन घास चिवडायची आणि उठायची. "मिरचीच नाई त् जेवन कायचं रे?"

मी शिकायला अकोल्यात, रूमवर. रात्री मोबाईलवर खाण्याचे व्हिडिओ पाहणं हा आमचा जादा विषय. त्यातच स्पेनची एक बशी दिसली : 'पिमिएन्तोस दे पाद्रोन'. बोटाएवढ्या कोवळ्या हिरव्या मिरच्या देठासकट तेलात फोड येईपर्यंत भाजायच्या, वरून जाडं मीठ. बस्स! जेवणाआधी मित्रांच्या घोळक्यात बसून, देठाला धरून खायच्या. बहुतेक सौम्य असतात. पण मधूनच एखादी अशी निघते की कानातून धूर! कोणती, ते चावल्याशिवाय कळत नाही.

पाद्रोन हे गॅलिसियातलं गाव. त्याच्या शेजारच्या एर्बोनमधल्या फ्रान्सिस्कन साधूंनी हे बियाणं अमेरिकेतून आणलं, असं मानतात. आपली मिरची तरी कुठली इथली? तीही मूळची अमेरिकेचीच. १६व्या शतकात पोर्तुगीजांबरोबर भारतात आली. त्याआधी आपले पूर्वज काळ्या मिरीवर भागवत होते. ठेच्याशिवायचा वऱ्हाड! कल्पनाच करवत नाही.

पाद्रोनची मिरची आपल्याकडे कुठून मिळणार? लवंगी तर चुकूनही नको. भज्यांची जाड मिरची घ्या, त्यातलीही आखूड आणि कोवळी. तिखटपणा बियांत असतो असं आपण म्हणतो, पण तो खरा असतो बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या पांढऱ्या गाभ्यात. फळ जून झालं किंवा झाडाला पाण्याचा ताण पडला, की तिखटपणा वाढतो. म्हणून एकाच ढिगातल्या दोन मिरच्या सारख्या नसतात.

पाव किलो मिरच्या धुऊन अगदी कोरड्या पुसा. पाणी राहिलं तर तेल अंगावर उडेल. प्रत्येकीला सुईनं एक-दोन टोचे मारा, नाहीतर तव्यावर फुटतात (पहिल्या खेपेला रूमच्या छतावर नक्षी झाली, घरमालकांना अजून सांगितलेलं नाही). लोखंडी तवा चांगला तापवा, दोन चमचे तेल टाका. तिकडे ऑलिव्हचं वापरतात, मी शेंगदाण्याचं वापरलं. मोठ्या आचेवर चार-पाच मिनिटं हलवत राहा. साल पांढुरकी फुगून काळे डाग पडले की उतरवा. खडेमीठ भरड कुटून वरून टाका, गरमच खा.

रविवारी घरी गेलो. डॉक्टरांना आधी विचारलं. भज्यांची मिरची चालेल म्हणाले, पण दोनच. आजीनं बशीकडे पाहिलं. "लसून नाई, दाने नाई, कुटलंबी नाई! याले काय म्हनावं?" पण पहिली भाकरीबरोबर गेली, दुसरीही गेली. खूप दिवसांनी तिनं अख्खी भाकर संपवली.

तिसरी तिनं आई पाठमोरी झाल्यावर उचलली. नेमकी तीच तिखट निघाली. डोळ्यांत पाणी, नाक लाल, पदरानं तोंड पुसत आजी म्हणाली, "आता कशी मिरचीवानी लागली बाप्पा!"