काटे नसलेल्या निवडुंगाला उन्हापेक्षा पावसाचीच भीती

बाभुळगाव (जि. यवतमाळ) : कमी पाण्यावर जगणारे, मुलांच्या हाताला न टोचणारे आणि अंगणाला वेगळीच शोभा आणणारे झाड म्हणून बिनकाट्याच्या निवडुंगाकडे पाहिले जाते. मात्र विदर्भात हे झाड लावणाऱ्याची एक समजूत हमखास चुकते. उन्हाळ्यात पारा ४४-४५ अंशांवर गेला तरी हा निवडुंग सहसा तग धरतो. त्याचा घात होतो तो जुलै-ऑगस्टमध्ये, मुळाशी साचलेल्या पाण्याने.

शोभेसाठी लावला जाणारा हा निवडुंग म्हणजे आपल्या ओळखीच्या फड्या निवडुंगाचाच भाऊबंद. शास्त्रीय नाव ऑपन्शिया फायकस-इंडिका, मूळ देश मेक्सिको. कॅलिफोर्नियातील वनस्पतिसंवर्धक ल्यूथर बरबँक यांनी १९०७ मध्ये आपल्या बिनकाट्याच्या वाणांची यादी प्रसिद्ध केली आणि या झाडाचा बोलबाला झाला. महाराष्ट्रात फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने असे वाण परदेशातून आणून चाऱ्यासाठी त्यांची चाचणी घेतली.

खरेदी करताना

‘बिनकाट्याचा’ हा शब्द जपून घ्यावा. मोठे काटे नसले तरी फड्यावरील ठिपक्यांत केसासारखी बारीक कुसळे असू शकतात. ती बोटात शिरली की दिसत नाहीत, पण दिवसभर सलतात. त्यामुळे हाताळताना जाड कागद किंवा चिमटा वापरावा. फांदी मोडताच पांढरा चीक आला, तर ते झाड शेर किंवा त्रिधारी निवडुंगाच्या कुळातले समजावे. तो चीक डोळ्यांना घातक असतो. घरोघरी ‘ब्रह्मकमळ’ म्हणून जपली जाणारी, रात्री फुलणारी वनस्पतीही बिनकाट्याचा निवडुंगच आहे. मात्र तिला सावली आणि ओलावा मानवतो. ऑपन्शियाचे तसे नाही.

पाण्याचे गणित

आपण ज्याला पान म्हणतो तो फडा वास्तविक खोड असतो. त्यावरील रंध्रे दिवसा मिटलेली असतात आणि रात्री उघडतात. त्यामुळे पाण्याचा ऱ्हास कमी होतो व फड्यात साठा टिकून राहतो. अशा झाडाला सतत ओली जमीन सोसत नाही. कपाशीची काळी माती पाणी धरून ठेवते, ओली झाली की फुगते आणि मुळांना हवा मिळू देत नाही. मग बुरशी लागून बुंधा मऊ पडतो.

म्हणून कुंडीत काळी माती भरू नये. दोन भाग मुरूम, जाड वाळू किंवा विटांचा चुरा, एक भाग साधी माती आणि एक भाग चांगले कुजलेले शेणखत, एवढे मिश्रण पुरते. कुंडी मातीची आणि तळाला मोठे छिद्र असलेली घ्यावी. खाली ताटली ठेवू नये.

अभिवृद्धी फड्यापासूनच करावी. बियांपासून आलेल्या रोपांना पुन्हा काटे येऊ शकतात. पाऊस संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, वर्षभर जुना फडा सांध्यावर धारदार सुरीने कापून आठ-दहा दिवस सावलीत सुकवावा. कापलेली जागा कोरडी पडल्यावर त्याचा एक तृतीयांश भाग मिश्रणात रोवावा आणि पहिले पाणी आठवड्यानंतर द्यावे.

उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी आणि हिवाळ्यात तीन आठवड्यांनी, माती पूर्ण वाळल्याची खात्री करून पाणी द्यावे. पावसाळ्यात कुंडी पत्र्याखाली सरकवावी. काटे झाडाला थोडी सावलीही देतात. ती या वाणाला नसल्याने सावलीतले रोप एकदम मे महिन्याच्या उन्हात ठेवल्यास साल करपते. उन्हाची सवय हळूहळू लावावी.

बुंधा मऊ झाला तरी झाड टाकून देऊ नये. वरचा निरोगी भाग स्वच्छ कापून, सुकवून नव्याने लावता येतो. फड्यावर कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर ते बोटाने चिरडून पाहावेत. लाल रंग निघाला तर ती कोचिनील कीड. तिचा एक प्रकार १७९५ मध्ये रंगासाठी म्हणून भारतात आणला गेला आणि त्याने येथील एका जातीच्या रानटी निवडुंगाचाच फडशा पाडला. साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने ही कीड वेळीच पुसून काढावी.

राखण हवीच

अंगणात लावायचे असल्यास मुरमाचा उंचवटा करून लावावे. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे राखण. बरबँक यांचे वाळवंटातील हिरव्या चाऱ्याचे स्वप्न फसले, त्याचे एक कारण हेच होते. काटे गेले, तसे झाडाचे संरक्षणही गेले आणि जनावरांपासून वाचवण्यासाठी कुंपण घालणे भाग पडले. मोकळ्या शेळ्यांच्या गावात हा धडा आजही लागू आहे. बाभुळगावसारख्या ठिकाणी त्यासाठी दूर जावे लागणार नाही. बिनकाट्याच्या या झाडाभोवती बाभळीच्या काट्यांचे कुंपण केले, की काम भागते.