उसाच्या फडातला भेक

पावसाळ्याच्या तोंडाशी दिव्याच्या खांबाखाली येऊन बसणारा, खरखरीत कातडीचा, आखूड उड्या मारीत चालणारा प्राणी आपण सर्वांनी पाहिला आहे. आपण त्याला सरसकट बेडूक म्हणतो. शास्त्रात त्याला भेक हे निराळे नाव आहे. आज आम्ही हकीकत सांगणार आहोत ती त्याच्या दक्षिण व मध्य अमेरिकेतल्या थोरल्या भाऊबंदाची. तो साधारण १० ते १५ सेंटिमीटर लांब असतो, पण एखादी मादी वीतभरही भरते. उसाशी त्याचा जो संबंध आला, त्यावरून आम्ही त्याला ऊसभेक म्हणू.

ऊसभेकाची शिकार म्हणजे धीराने बसून राहणे. रात्री तो उजेडाजवळ दबा धरतो. त्याची जीभ जबड्याच्या पुढच्या टोकाला जोडलेली असते आणि सुटे टोक घशाकडे असते. किडा टप्प्यात आला की ती चिकट जीभ बाहेर फेकली जाऊन भक्ष्यासह परत येते. गिळताना डोळे आत दाबले जातात आणि घास खाली ढकलण्यास मदत करतात. मुंग्या, झुरळे, भुंगेरे, लहान बेडूक, उंदराची पिले, तोंडात मावेल ते तो खातो. वासाच्या मागाने कुत्र्याच्या ताटलीपर्यंतही जातो.

पळण्यात तो मंद आहे, म्हणून त्याचे संरक्षण त्याच्या कातडीत आहे. डोळ्यांमागे दोन फुगीर ग्रंथी असतात. शत्रू आला की तो अंग फुगवितो आणि त्या ग्रंथी शत्रूकडे वळवितो. तोंडात धरताच त्यांतून दुधासारखे विष पाझरते, आणि ते थेट हृदयावर घाला घालते. त्याची अंडी आणि पिलेही विषारीच असतात.

प्रजननाचे मान ऐकले तर थक्क व्हावे. मादी साचलेल्या पाण्यात चिकट, लांबलचक माळांच्या रूपाने एका वेळी ८,००० ते ३०,००० अंडी घालते. दोन-तीन दिवसांत ती फुटतात. बहुतेक पिले मरतात. आधीची मोठी पिले नव्या अंड्यांवर ताव मारतात. तरी उरतात ती पुरेशी असतात.

आता उसाकडे वळू. उसाची मुळे कुरतडणारी हुमणी आपल्या शेतकऱ्यांच्या चांगल्या परिचयाची आहे. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्येही तशीच हुमणी आहे. १९३२ साली पोर्तो रिकोत साखरतज्ज्ञांची परिषद भरली. तिथे ऊसभेक ही कीड खातो असे सांगण्यात आले. १९३५ च्या जूनमध्ये तिथल्या ऊस संशोधन खात्याचे रेजिनाल्ड मंगोमेरी यांनी हवाईहून १०२ ऊसभेक आणले. ऑगस्टमध्ये त्यांची सुमारे २,४०० पिले गॉर्डनव्हेलच्या परिसरात सोडली गेली. हा प्राणी त्या भूमीवर आणखी काय काय खाईल आणि त्याला खाणाऱ्याचे काय होईल, हे आधी तपासले गेले नाही. वॉल्टर फ्रॉगॅट या वयोवृद्ध कीटकशास्त्रज्ञाने जाहीर विरोध केला. केंद्र सरकारने पुढील सोडणीस काही काळ बंदी घातली. १९३६ साली तीही उठली.

त्याच १९३५ साली क्वीन्सलँडच्या उत्तर भागात ऊसतोड कामगारांचा संप झाला. फडातल्या उंदरांमुळे त्यांना एक रोग होई. मुंबई-कोकणात पावसाळ्यात नाव ऐकू येते तोच लेप्टो. तोडणीपूर्वी फड जाळावा, म्हणजे उंदीर जातील, एवढीच त्यांची मागणी होती. भेक फडात यायला सभेतला एक निबंध पुरला. माणसांच्या जिवासाठी मात्र कोयते खाली ठेवावे लागले. हा हिशेब आम्हाला विसरता येत नाही.

भेकाने हुमणी संपविली काय? नाही. हुमणी जमिनीत, तिचे भुंगेरे झाडांवर. ऊसभेक खोल उकरीत नाही आणि झाडावर चढत नाही. शेवटी हुमणी आटोक्यात आली ती महायुद्धानंतरच्या कीटकनाशकांनी. ऊसभेक मात्र पसरला. २००१ साली तो काकाडूच्या राष्ट्रीय उद्यानात पोचला, २००९ साली त्याने पश्चिम ऑस्ट्रेलियाची हद्द ओलांडली. त्याला खाऊन मोठ्या घोरपडी, क्वोल नावाचे मांसाहारी प्राणी आणि गोड्या पाण्यातल्या मगरी मेल्या. घोरपड हे तिथल्या आदिवासींचे अन्न. साखरेच्या नफ्यात ज्यांचा वाटा नव्हता, त्यांच्या ताटातून घास गेला.

उपाय आता निघत आहेत. ऊसभेकाचेच विष आमिष म्हणून लावलेल्या सापळ्यांत त्याची पिले गोळा होतात. पश्चिम ऑस्ट्रेलियात बुनुबा आदिवासींच्या वनरक्षकांनी शास्त्रज्ञांबरोबर एक प्रयोग केला, तो २०२४ साली प्रसिद्ध झाला. मेलेल्या भेकांचे विषारी भाग काढून त्यांत मळमळ आणणारे औषध घातले आणि ते मगरींपुढे टांगले. एकदा पोट बिघडलेली मगर पुन्हा भेकाच्या वाटेस जात नाही. जिथे हे केले तिथे मगरींचे मरण पुष्कळ थांबले.

या प्रयोगात नदीकाठी राहणारी माणसे प्रथमपासून सामील होती. १९३५ साली नेमके हेच झाले नव्हते. आपल्या शेतात, कारखान्यात किंवा गावात उद्या कोणी रामबाण उपाय घेऊन आला, तर श्रोतेहो, दोन प्रश्न विचारा: हा आधी कुठे तपासला आहे, आणि फसला तर भरपाई कोण करणार? उत्तर मिळेपर्यंत पेटी उघडू देऊ नका.