बाजारात न मिळणारी गाडी घरी कशी ओततात? पाचोरा-जामनेरची 'पीजे' आणि रेझिनचं गणित

रेझिनचे रील्स तुम्ही पाहिलेच असतील. काचेसारखं काहीतरी साच्यात ओततात, आत लग्नातल्या हाराच्या पाकळ्या, वरून सोनेरी वर्ख, आणि दुसऱ्या दिवशी भिंतीवरचं घड्याळ तयार.

तसंच रेझिन वापरून काही लोक वेगळंच काम करतात. रेल्वेचे डबे, एसटी, ट्रक, जुने वाडे यांची अचूक मापाची छोटी मॉडेल्स बनवतात. जो भाग कुठल्याच दुकानात मिळत नाही, तो घरातल्या टेबलावर ओततात.

आता खानदेशातल्या माणसानं यात लक्ष का घालावं? तर पीजेसाठी.

पीजे म्हणजे पाचोरा-जामनेर. शेंदुर्णी, पहूर करत जाणारी ५६ किलोमीटरची नॅरोगेज. शंभर वर्षं या गाडीनं शेतकरी, शाळेची पोरं, बाजाराला निघालेल्या बाया वाहिल्या. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला, गाडी थांबली आणि पुन्हा सुरू झाली नाही. आता हा मार्ग ब्रॉडगेज करून पुढे बोदवडपर्यंत न्यायचं ठरलंय. म्हणजे नवी गाडी येईल, पण ती पीजे नसेल.

समजा जामनेरच्या एखाद्या पोराला वाटलं की आपल्या घरात पीजे असावी. खेळण्यांच्या दुकानात वंदे भारत मिळेल, पीजे नाही मिळणार. ती बनवावीच लागेल, आणि बनवायची तर आधी गणित करावं लागतं.

पुण्यात कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम आहे, १९९८ साली सुरू झालेलं. तिथल्या गाड्या एचओ स्केलच्या, म्हणजे खऱ्याच्या ८७ पट लहान. जगभरात रेल्वे मॉडेलवाल्यांचं हे सगळ्यात चालणारं माप. या मापात साडेपाच फुटी माणूस जेमतेम १९ मिलिमीटरचा होतो. आणि पीजेचा अख्खा मार्ग करायचा म्हटलं तर ६४४ मीटर जागा लागेल, त्यामुळे तो नाद सोडा. एक डबा पुरे.

गंमत पुढे आहे. पीजेच्या दोन रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. त्याला ८७ नं भागलं की येतात ८.७६ मिलिमीटर. बाजारात एन स्केल नावाच्या आणखी छोट्या मॉडेलचे रूळ मिळतात, ते ९ मिलिमीटरचे. फरक पाव मिलिमीटरचा, डोळ्याला कळतही नाही. भारतीय ब्रॉडगेजवाल्यांचं नशीब एवढं चांगलं नाही. १६७६ भागिले ८७ म्हणजे १९.३, आणि एचओचे तयार रूळ १६.५ चे. कारण ते युरोप-अमेरिकेच्या गेजवर बेतलेत. त्यामुळे आपल्याकडची ब्रॉडगेज मॉडेल्स बहुतेक वेळा थोड्या अरुंद रुळांवर उभी असतात.

म्हणजे पीजेचे रूळ आणि चाकं तयार मिळतील. वरचा डबा आपण करायचा.

डब्याखाली दोन बोगी असतात आणि प्रत्येक बोगीच्या दोन्ही बाजूंना एकेक चौकट दिसते, स्प्रिंगांची, नटबोल्टांची. एका डब्याला चार चौकटी. चार डब्यांची गाडी केली तर सोळा. सोळाही अगदी सारख्या. हातानं कोरत बसलात तर पाचवीपर्यंत हात दुखेल आणि दहावी चौकट पहिलीसारखी दिसणार नाही. ओतकाम इथंच उपयोगी पडतं. एकच चौकट जीव लावून बनवायची, तिला मास्टर म्हणतात. तिचा रबरी साचा काढायचा आणि त्यातून सोळा ओतायच्या. गणपतीच्या कारखान्यात एका मूर्तीवरून रबरी साचा काढून शेकडो मूर्ती ओततात, तेच हे. फक्त इथं मूर्ती बोटाच्या पेराएवढी.

मग उलटाही नियम लक्षात ठेवा. वस्तू एकच हवी असेल तर ओतकाम करू नका, सरळ हातानं बनवा. साच्याचा खर्च आणि वेळ एका तुकड्यासाठी परवडत नाही.

मास्टरसाठी माप हवं, आणि गाडी तर समोर नाही. इथं जुने फोटो कामाला येतात. डब्याचा समोरून काढलेला, रूळ दिसणारा फोटो असेल तर त्यात पट्टी आधीच ठेवलेली आहे, कारण त्या रुळांतलं अंतर ७६२ मिलिमीटर हे आपल्याला पक्कं माहीत आहे. फोटोत डब्याच्या तोंडाशी रुळांतलं अंतर २० मिलिमीटर भरलं आणि डब्याची रुंदी ५० भरली, तर खरी रुंदी १९०५ मिलिमीटर. (हे आकडे फक्त पद्धत कळावी म्हणून, पीजेच्या डब्याची रुंदी म्हणून लिहून घेऊ नका.) अट एकच, मोजायची वस्तू आणि रुळाचा तो भाग कॅमेऱ्यापासून सारख्या अंतरावर हवा. तिरक्या फोटोतून काढलेलं माप फसवतं.

मास्टर जुन्या एटीएम कार्डाच्या प्लास्टिकचा करा, पितळी तारेचा करा किंवा थ्रीडी प्रिंटरवर काढा. त्यावर जो ओरखडा असेल तो सोळाही तुकड्यांवर येणार, त्यामुळे वॉटर पेपरनं घासून, प्रायमर मारून, पुन्हा घासून मगच पुढे जा.

साचा सिलिकॉन रबरचा. बाथरूमच्या फटी भरायची ट्यूब मिळते ते नाही. डब्यात घट्ट दुधासारखं येतं आणि सोबत हार्डनरची छोटी बाटली असते ते. त्यात दोन जाती. कथिलावर जमणारं स्वस्त आणि फारशी कुरकुर न करणारं. प्लॅटिनमवर जमणारं महाग, साचा जास्त टिकतो, पण भारी नाजूक. मास्टर गंधक असलेल्या मातीत बसवला असेल किंवा थ्रीडी प्रिंटचं रेझिन आत पूर्ण वाळलं नसेल, तर प्लॅटिनमचं सिलिकॉन तिथं जमतच नाही, चिकट लगदा राहतो. लॅटेक्सच्या हातमोज्यांनीसुद्धा असं होतं. नवख्यानं कथिलवालं घ्यावं.

साच्याची पेटी ॲक्रिलिकची किंवा सनबोर्डची करतात. जळगावात पीव्हीसी पाइपचा तुकडा शोधायला लांब जावं लागणार नाही, गोल वस्तूंना तोही छान चालतो. सिलिकॉन किती लागेल ते आधी काढा. ८ बाय ५ बाय ३ सेंटिमीटरची पेटी म्हणजे १२० घन सेंटिमीटर. सिलिकॉन पाण्यापेक्षा थोडं जड, म्हणून १४० ग्रॅमच्या आसपास. या कामात सगळ्यात महाग माल हाच, त्यामुळे पेटी उगाच मोठी करू नका.

मिसळताना बुडबुडे येणारच. मास्टरवर आधी ब्रशनं पातळ थर द्या, मग पेटीच्या एका कोपऱ्यात उंचावरून बारीक धारेनं ओता. धार बारीक असली की बरेच बुडबुडे वाटेतच फुटतात. ज्यांना जमतं ते व्हॅक्यूम लावतात. फ्रीज-एसीवाल्या मेकॅनिककडे असतो तसा पंप त्याला चालतो. मात्र व्हॅक्यूममध्ये सिलिकॉन दुधासारखं उतू जातं, तीन-चार पट फुगतं, म्हणून भांडं मोठं घ्यायचं. आणि काचेची बरणी वापरायची नाही, आत फुटते.

सिलिकॉन वाळल्यावर मास्टर काढायचा, आणि हे बघायला जळगावच्या सराफ बाजारासारखी दुसरी शाळा नाही. अंगठ्या ओततात तेव्हा कारागीर आधी नमुन्याभोवती रबराचा अखंड ठोकळा करतो, तो ब्लेडनं कापून उघडतो आणि मधल्या पोकळीत मेण भरतो. कापताना ब्लेड सरळ नाही, नागमोडी चालवतो. त्यामुळे दोन अर्धे पुन्हा जोडले की आपोआप जिथल्या तिथे बसतात. मॉडेलवाले हीच युक्ती करतात. त्याच बाजारातली आणखी एक वस्तू घ्यावी, ती म्हणजे छोटा डिजिटल काटा. रेझिनच्या दोन भागांचं प्रमाण अंदाजानं चालत नाही.

आता रेझिन. रील्समधलं रेझिन असतं एपॉक्सी. घट्ट, जमायला दिवसभर घेणारं. मॉडेलचे भाग ओतायला बहुतेक जण पॉलियुरेथेन वापरतात. जर्मनीत ओटो बायर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये शोधलेल्या रसायनाची ही घरगुती बाटली. पाण्यासारखं पातळ, बारीक नटबोल्टांत शिरणारं, आणि अर्ध्या-पाऊण तासात साच्याबाहेर काढता येणारं.

तिसरा प्रकार आपल्याकडे सहज मिळतो. फायबरचं काम करणाऱ्यांकडचं पॉलिस्टर. स्वस्त आहे, पण आकसतं आणि घरभर वास सुटतो. शिवाय त्याच्यासोबत दोन बाटल्या मिळतात, कोबाल्ट आणि हार्डनर. या दोन बाटल्या एकमेकींत थेट मिसळल्या तर भडका उडू शकतो, स्फोटही होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं आणि मगच हार्डनर घालायचं. डोळ्यांत उडालं तर हार्डनर डोळा कायमचा खराब करू शकतं. माझं मत विचाराल तर घरात पॉलिस्टर नकोच.

पॉलियुरेथेनची आणि खानदेशच्या हवेची मात्र दोस्ती नाही. बाटलीवर लिहिलेलं असतं, मिसळल्यावर सहा मिनिटांत ओता. ती सहा मिनिटं असतात २५ अंशांची. ढोबळ हिशेब असा की दर दहा अंशांना रासायनिक क्रियेचा वेग दुप्पट होतो. म्हणजे ३५ अंशांना तीन मिनिटं आणि मे महिन्यातल्या जळगावच्या ४५ अंशांना दीड. ढवळतानाच पेल्यात दगड होतो. उन्हाळ्यात ओतायचंच असेल तर पहाटे ओता आणि एका वेळी २०-३० ग्रॅमच मिसळा. जास्त माल एकत्र राहिला की त्याची स्वतःची उष्णता साठते आणि तो आणखी लवकर जमतो.

मग पावसाळ्यात करू म्हणाल तर तिथं वेगळीच पंचाईत. पॉलियुरेथेनचा एक भाग ओलाव्याशी भांडतो आणि कार्बन डायऑक्साइड सोडतो. तुकडा इडलीसारखा जाळीदार होतो. कागदी पेला आणि आइस्क्रीमची लाकडी काडी यांतही ओलावा असतो, म्हणून प्लास्टिकचा पेला आणि स्टीलचा चमचा घ्यायचा. तो चमचा परत स्वयंपाकघरात जाता कामा नये. बाटलीचं झाकण काम झाल्याझाल्या घट्ट लावायचं.

ओतण्याआधी साच्यात चिमूटभर टाल्कम पावडर ब्रशनं फिरवून झटकून टाकतात. त्यानं रेझिन कोपऱ्याकोपऱ्यात ओढलं जातं. तरीही बुडबुडे राहिलेच तर मोठे लोक प्रेशर पॉट वापरतात, म्हणजे साचा दाबाखाली ठेवून बुडबुडे दिसेनासे करतात. इथं एक गोष्ट ठळक सांगायची आहे. घरचा कुकर कॉम्प्रेसरला जोडू नका. कुकर साधारण १५ पीएसआय दाबासाठी बनवलेला असतो आणि या कामात ४० ते ६० लागतो. तो फुटला तर झाकण माणसाला लागतं.

वासाचंही तसंच. पॉलियुरेथेनमधल्या आयसोसायनेटला फारसा वास नसतो, म्हणून लोक बिनधास्त राहतात. पण त्याची एकदा ॲलर्जी बसली की पुढे थोड्याशा वाफेनंही दमा उठतो, आणि ती ॲलर्जी सहसा परत जात नाही. एपॉक्सीनं कातडीला असाच त्रास होतो. नाकावर रुमाल बांधून वाफ थांबत नाही, त्याला कार्बनच्या डब्या असलेला मास्क लागतो. हातात नायट्राइलचे मोजे, डोळ्यांवर चष्मा, खिडकीत बाहेर हवा फेकणारा पंखा. लहान मुलं झोपतात त्या खोलीत हे काम करायचं नाही. जमलेला तुकडा घासताना पाणी लावून घासा म्हणजे धूळ उडत नाही. उरलेलं पातळ रेझिन मोरीत ओतू नका. पेल्यातच जमू द्या आणि मग कचऱ्यात टाका.

एका साच्यातून काही डझन तुकडे निघतात. मग बारीक कडा फाटायला लागतात. मास्टर जपून ठेवला असेल तर नवा साचा करता येतो. याच सोयीमुळे जपानमध्ये १९८० च्या दशकात 'गॅरेज किट'चा छोटा धंदाच उभा राहिला. मोठ्या कंपन्यांना परवडत नाहीत अशी मॉडेल्स हौशी लोक घरी ओतून शे-दोनशे गिऱ्हाइकांना विकायचे. सोबत चोरीही आली. दुसऱ्याचं किट विकत घेऊन त्याचाच साचा काढायचा आणि स्वस्तात विकायचं, याला रीकास्ट म्हणतात. ज्यानं महिनाभर डोळे फोडून मास्टर केला त्याच्या पोटावर पाय येतो. आपण पीजे करायची ती आपल्या मास्टरवरून.

एकूण काय, खानदेशात या कामाचं वेळापत्रक हवाच ठरवते. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात फोटो गोळा करायचे, मापं काढायची, मास्टर घासत बसायचं. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारायचं की डब्याचा रंग नेमका कोणता होता आणि दारं कुठं होती, कारण बऱ्याच जुन्या फोटोंत रंगच नाही. दिवाळी झाली, हवा कोरडी आणि गार झाली, की रेझिनची बाटली उघडायची.