लेखनाचा एकांत

बंगळूरच्या चिकपेटेजवळच सादर पत्रप्पा रस्ता आहे. संगणकाच्या सुट्या भागांसाठी सारे शहर तेथे येते. केवळ लेखनापुरते यंत्र स्वस्तात जुळवावयाचे, तर याहून सोयीचे ठिकाण विरळा. कळफलकाच्या बाबतीत तेवढी काटकसर करू नये. बोटे तेथेच दमतात.

या यंत्रावर ‘डेबियन’ ही १९९३ साली आरंभिलेली मुक्त व विनामूल्य प्रणाली बसवावी. बसविताना चित्रमय पटल वगळले, की उरतो काळा पडदा आणि लुकलुकणारी खूण. ना वार्ता, ना खेळ! इंग्रजी लिहिणाऱ्याचे एवढ्यावर भागते.

मराठी लेखकाची अडचण मात्र येथेच सुरू होते. त्या पडद्याला फार तर ५१२ अक्षराकृती ठाऊक असतात आणि जोडाक्षरे जुळविणे त्याला साधत नाही. ‘कि’ लिहिताना वेलांटी साठविली जाते ‘क’नंतर, दिसावयास हवी त्याच्या आधी. ही अदलाबदल ‘हार्फबझ’ नावाची आज्ञावली करते, आणि तिचा लाभ मिळतो तो चित्रमय पटलावरच. तेव्हा पटल अगदीच टाकून चालत नाही. ‘ओपनबॉक्स’सारखा हलका विंडो मॅनेजर, ‘लोहित देवनागरी’ टंक, इन्स्क्रिप्टची मांडणी आणि सारा पडदा व्यापणारा ‘फोकसरायटर’, एवढे पुरे. हे बसवून झाले, की वायरलेस कार्ड काढून खणात ठेवावे.